गोड आवाजाचं पुढे काय करायचं?

ताई, नमस्कार.

मी मूळची सटाण्याची. लग्न होऊन नाशिकला आले, इंदिरानगरला राहते, एका खासगी शाळेत मराठी शिकवते. शाळेचं स्नेहसंमेलन असो, सोसायटीचा गणपती असो की ओळखीत कुणाची एकसष्टी, सूत्रसंचालन माझ्याकडेच येतं. 'तुझा आवाज किती गोड आहे, रेडिओवर जा' हे कॉलेजपासून ऐकत आले आहे.

मागच्या महिन्यात एका पालकांच्या ओळखीने ठिबक सिंचनाच्या माहितीपटाला आवाज द्यायची संधी मिळाली. साडेतीन मिनिटांची फिल्म. मला वाटलं, अर्ध्या तासात घरी येईन. शाळा सुटल्यावर गेले आणि तीन तास लागले. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकून हबकलेच, इतका पातळ आणि परका. रेकॉर्डिस्ट दादा काचेपलीकडून सारखे म्हणत होते, 'मॅडम, वाचू नका, सांगा.' म्हणजे नेमकं काय करायचं ते कळेना. एजन्सीचा मुलगा म्हणाला, 'थोडा गावाकडचा टोन येतोय.' शेवटी तर घसाच बसला. आता चार-पाच वाक्यं पुन्हा घ्यायला बोलावलंय.

मधल्या काळात तीन गोष्टी पुढे आल्या. एका अकादमीचा पंचेचाळीस हजारांचा कोर्स आहे, काम मिळण्याची हमी देतात. आमचे हे म्हणतात, कोर्सपेक्षा चांगला माइक घे, छोट्या खोलीत स्टुडिओ करू. आणि एका कंपनीचा मेल आलाय: दहा तासांची सुटी वाक्यं रेकॉर्ड करून द्या, एकरकमी पैसे. रक्कम माझ्या दोन पगारांएवढी आहे. आठ पानांचा इंग्रजी करार आहे, महिनाअखेर सही करून हवाय.

मी या क्षेत्रात यावं का? बोली कशी घालवू? घसा कसा सांभाळू? मला 'तू'च म्हणा, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे.

बागलाणची लेक


प्रिय लेकी,

कराराचं आधी बोलते, कारण त्याला तारीख आहे. त्या आठ पानांवर आहे त्या स्वरूपात सही करू नकोस. दोन पगारांची रक्कम समोर दिसत असताना हे ऐकणं अवघड आहे, मला कळतं. तरीही नको.

दहा तासांची सुटी वाक्यं कुठल्याही फिल्मला लागत नाहीत. एकमेकांशी संबंध नसलेली वाक्यं एकाच सुरात, माइकपासून एकाच अंतरावरून मागितली जातात, तेव्हा बहुतेक वेळा ती यंत्राला तुझा आवाज शिकवण्यासाठी असतात. यंत्र एकदा शिकलं की तू कधीही न उच्चारलेली वाक्यं तुझ्या आवाजात तयार होतात. उद्या त्या आवाजात झटपट कर्जाची जाहिरात होईल, एखाद्या उमेदवाराचा प्रचार होईल आणि शाळेतले पालक येऊन तुलाच विचारतील. शिवाय ज्यांनी पुढे तुला काम दिलं असतं, ते तोच आवाज त्या कंपनीकडून तुझ्यापेक्षा स्वस्तात घेतील.

करार उघड आणि हे शब्द शोध: पर्पेच्युअल, इरिव्होकेबल, सिंथेटिक, डेरिव्हेटिव्ह, सबलायसन्स. पहिले दोन असले तर दिलेला हक्क कायमचा, परत न घेता येणारा. पुढचे दोन असले तर तुझ्या आवाजातून हवं ते नवीन घडवायची त्यांना मोकळीक. शेवटचा असला तर तुझा आवाज ते तिसऱ्या कुणालाही देऊ शकतात. मग मेलवरच विचार: आवाज कोणत्या उत्पादनात वापरणार, किती वर्षं, नवीन वाक्यं बनवणार का, राजकीय आणि कर्ज-जुगाराच्या जाहिराती वगळणार का, मुदत संपल्यावर मूळ रेकॉर्डिंग आणि त्यावरून शिकवलेलं यंत्रातलं मॉडेल दोन्ही पुसणार का, वापर वाढला तर पैसे वाढणार का. ज्यांना सरळ व्यवहार करायचा असतो ते या प्रश्नांना उत्तरं देतात. 'सगळ्यांनी सही केलीय' एवढंच उत्तर आलं तर विषय सोडून दे. समाधानकारक उत्तरं आली तरी वकिलाला एकदा करार दाखव.

कायद्याने तुला वाऱ्यावर सोडलेलं नाही, हेही माहीत असू दे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३८ सादरीकरण करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क मानतं आणि तो ५० वर्षं टिकतो. हा सादरकर्ता कोण, याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्या पंक्तीत कसरतपटू, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत, व्याख्यान देणारा आहे आणि शेवटी 'सादरीकरण करणारी इतर कोणतीही व्यक्ती' आहे. आपण आवाजवाले त्या शेवटच्या शब्दांत येतो, असं मी मानते. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाची प्रतिष्ठेला धक्का लावणारी मोडतोड रोखण्याचा हक्कही दिला. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने परवानगीविना यंत्राने त्यांच्या आवाजाची नक्कल करण्याला अंतरिम आदेशाने मनाई केली. पण यातला कळीचा शब्द 'परवानगीविना' हा आहे. तू स्वतःच्या हाताने परवानगी लिहून दिलीस तर न्यायालयात उभं राहायला जागा फार थोडी उरते.

आता त्या तीन तासांकडे वळू. माझ्या मते तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत.

पहिल्याच कामाला तीन तास लागले यात लाजण्यासारखं काही नाही. माइक लावणं, पातळी बघणं, ऐन वेळी बदललेली वाक्यं, मध्येच आलेला ग्राहकाचा फोन, हे सगळं त्यात असतं. तुला खरा त्रास झाला तो 'वाचू नका, सांगा' या वाक्याचा, आणि ते वाक्य बरोबर होतं. फक्त त्याचा अर्थ तुला कुणी उलगडून सांगितला नाही.

आवाज गोड असणं ही या व्यवसायातली फार छोटी बाब आहे. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला माणसं बसून राहतात ती काही वक्त्याच्या गोड गळ्यासाठी नाही. बोलणाऱ्याला विषय कळलाय आणि तो आपल्याशी बोलतोय, एवढं ऐकणाऱ्याला जाणवावं लागतं. तुझ्या गोडव्याचं अनेक वर्षं कौतुक झालं, त्यामुळे बोलताना तुझं लक्ष आवाजावर असतं. ते वाक्याच्या अर्थावर गेलं पाहिजे. मी इतक्या नवोदितांना काचेपलीकडून ऐकलंय, त्यातल्या गोड आवाजाच्या मंडळींना हे वळण सगळ्यात जड जातं.

त्यात तू सूत्रसंचालन करतेस. कालिदास कलामंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून आवाज उचलावा लागतो, वाक्याच्या शेवटी टाळ्यांसाठी जागा ठेवावी लागते. स्टुडिओत तुझ्यापुढे माणूस एकच आणि तोही एका वितीवर, कारण माइक तेवढ्याच अंतरावर असतो. तिथे सभेचा आवाज लावला की ऐकणाऱ्याला कुणीतरी अंगावर ओरडतंय असं वाटतं. वर्गातल्या वाचनाची सवय तर आणखी चिवट. प्रत्येक वाक्य एकाच उंचीवर सुरू होतं आणि एकाच जागी खाली येतं. मुलांना शुद्धलेखन घालताना ते ठीक आहे.

मग सांगायचं कसं? तुझ्याच फिल्मसारखं एक वाक्य घे: 'ठिबकमुळे पाणी थेट मुळाशी पोचतं आणि तण कमी उगवतं.' आधीचं वाक्य पाट पद्धतीत पाणी कसं वाया जातं याबद्दल असेल, तर इथे 'पाणी' हा शब्द जुना झालेला आहे. नवी बातमी आहे 'थेट मुळाशी'. भार तिथे द्यायचा आणि 'पाणी' सहज सोडून द्यायचं. 'आणि'च्या आधी अर्धा क्षण थांबायचं, कारण तणाचा मुद्दा वेगळा आहे आणि खुरपणीचा खर्च माहीत असलेल्या शेतकऱ्याला तो पाण्याइतकाच महत्त्वाचा आहे. आता हे वाक्य सटाण्यातल्या तुझ्या ओळखीच्या एखाद्या काकांना सांग, ज्यांचा डाळिंबाचा बाग आहे आणि ज्यांना ठिबकवर विश्वास नाही. ते मनात 'खरं का?' म्हणतील असं समजून पुढचं वाक्य सुरू कर. बघ, आवाजाचा सूर आपोआप बदलतो. दरेक परिच्छेदाआधी मनात 'काका, ऐका,' असं म्हणायचं आणि मग तोंड उघडायचं. ही युक्ती फार जुनी आहे आणि अजून चालते.

यासाठी संहिता आदल्या दिवशी हातात हवी. मागून घे, हक्काने. ती तीन-चारदा मोठ्याने वाच, श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने उभी रेघ मार, नवी बातमी असलेल्या शब्दाखाली आडवी. ड्रीपर, लॅटरल, व्हेंच्युरी असे ठिबकच्या साहित्याचे शब्द, खतांचे आकडे, रसायनांची नावं शेतकरी दुकानात जाऊन कशी उच्चारतो ते फोन करून विचार. शब्द मोजायलाही विसरू नकोस. माझ्या अनुभवात निवांत, समजावून सांगणारं मराठी निवेदन अर्ध्या मिनिटात साठेक शब्दांचं होतं. म्हणजे साडेतीन मिनिटांना चारशेवीसच्या आसपास. त्यांनी सहाशे शब्द कोंबले असतील तर जगातला कुठलाही निवेदक ते 'सांगू' शकणार नाही, पळतच जाईल. हे रेकॉर्डिंगआधी नम्रपणे कळवलंस तर लेखक चार विशेषणं काढतो आणि सगळ्यांचं भलं होतं.

हेडफोनमधल्या आवाजाचं दुःख करू नकोस. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही. हाडांतून खालचे, भरदार सूर जास्त पोचतात. माइकला फक्त हवेतला आवाज मिळतो, म्हणून तो आपल्याला पातळ वाटतो. इतरांनी मात्र तुझा आवाज जन्मभर तसाच ऐकलाय आणि त्यालाच गोड म्हटलंय. सुरुवातीला हेडफोनचा एक कान उघडा ठेव आणि आवाज थोडा कमी करायला सांग. स्वतःलाच ऐकत बसलं की माणूस सांगायचं विसरतो.

काही बारीक गोष्टी आहेत. शाळेत त्या कुणी शिकवत नाही आणि स्टुडिओत कुणी आधी सांगत नाही. बांगड्या, घड्याळ, मंगळसूत्राची लांब सर पर्समध्ये ठेव. सळसळणारी सिंथेटिक साडी किंवा ओढणी नको, सुती कपडा घाल. रिकाम्या पोटी जाऊ नकोस, पोटातली गुरगुर माइक टिपतो. भरपेट जेवूनही नको, श्वास अपुरा पडतो. दुधाचा चहा नेमका आधी टाळ, तोंड चिकट होतं आणि शब्दांमध्ये टिकटिक येते. त्यावर आंबट हिरव्या सफरचंदाची एक फोड पुष्कळांना उपयोगी पडते. कागदाची पिन काढून पानं सुटी ठेव, वाक्य पानाच्या शेवटी तुटू देऊ नकोस. प, फ, ब, भ म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळून धपकन आवाज येतो. तो अडवायला माइकपुढे जाळी, म्हणजे पॉप फिल्टर, असतोच, तरी तोंड माइकच्या किंचित तिरकं ठेवलं तर झोत बाजूने निघून जातो. वाक्यागणिक पुढे-मागे झुलू नकोस. बहुतेक स्टुडिओ माइक जवळ गेल्यावर आवाजातला खर्ज फुगवतात आणि लांब गेल्यावर तो उतरवतात, मग संकलनात एक वाक्य एका बाईचं आणि दुसरं तिच्या बहिणीचं वाटतं. आणि चुकलं की 'सॉरी सॉरी' म्हणू नकोस. दोन क्षण पूर्ण शांत राहा आणि वाक्य पहिल्यापासून घे, अडखळलेल्या शब्दापासून नाही. त्या शांततेत रेकॉर्डिस्टला कापायला जागा मिळते, आणि असं काम करणाऱ्या माणसाला ते पुन्हा बोलावतात.

राहिलेली चार-पाच वाक्यं घ्यायला जाशील तेव्हा आधी जुन्या टेकमधलं त्यांच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य ऐकवायला सांग. तो सूर कानात बसला की मगच सुरू कर. माइक तोच, अंतर तेच, तू मागे उभी होतीस तर आताही उभीच. सकाळी उठल्यावर आवाज जड असतो आणि दिवस चढतो तसा हलका होतो, म्हणून मागच्या वेळेसारखी संध्याकाळचीच वेळ माग.

आता बोलीबद्दल. खरं सांगते, तुझ्या पत्रातलं ते वाक्य वाचून मला वाईट वाटलं. ठिबकची फिल्म बघणार कोण? बागलाण, कळवण, देवळ्याचे कांदा-डाळिंबवालेच ना? त्यांच्यासाठीच्या फिल्ममध्ये 'गावाकडचा टोन' हा दोष कसा झाला? तो मुलगा वयाने लहान असेल, त्याच्यावर रागावू नकोस. पुढच्या वेळी शांतपणे विचार, 'कोणत्या शब्दावर वाटतंय?' बोट ठेवता आलं तर सुधारता येतं. 'टोन' म्हणून मोघम सांगितलेलं सुधारता येत नाही आणि मनात मात्र सलत राहतं.

बोली घालवायची नाही. बोलीतून प्रमाण मराठीत आणि परत, असं ठरवून जाता-येता आलं पाहिजे. अहिराणीत 'डोळा'चा 'डोया' होतो, 'पाणी'चं 'पानी' होतं, हे तू मराठीची शिक्षिका म्हणून जाणतेसच. ते अक्षरांचं काम तुझं झालेलं आहे, मला खात्री आहे. राहतो तो वाक्याचा हेल. त्यासाठी रोज वर्तमानपत्रातला एक अग्रलेख फोनवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक. लगेच नाही, लगेच ऐकलं की आपण काय म्हणायचं ठरवलं होतं तेच ऐकू येतं. दुसरीकडे, 'चहा'तला च आणि 'चमच्या'तला च, 'जग' बदलतं यातला ज आणि माणूस 'जगतो' यातला ज, हे तुझ्या जिभेवर जन्मतः आहेत. मराठी शिकून निवेदन करणाऱ्यांची तिथेच दमछाक होते.

म्हणून काम मागताना ऐकवायचे तुझ्या आवाजाचे नमुने दोन असू देत, प्रत्येकी मिनिटभराच्या आतले. एक प्रमाण मराठीतला, माहितीपटाच्या धाटणीचा. दुसरा अस्सल अहिराणीतला. बी-बियाणं, खत, औजारं, पशुखाद्य विकणाऱ्या कंपन्यांना बोलीतला विश्वासू आवाज हवा असतो, आणि मुंबई-पुण्याच्या निवेदकाने ओढूनताणून बोललेली अहिराणी शेतकरी पहिल्या वाक्यात ओळखतो. तुझ्याकडे जे आहे ते दुर्मीळ आहे. ते लपवून ठेवून तू बाजारात उतरावंस असं मला मुळीच वाटत नाही. नमुन्यात सगळ्यात चांगलं वाक्य पहिलं ठेव, संगीत घालू नकोस, आणि तो चांगला स्टुडिओ तासभर भाड्याने घेऊनच कर.

यजमानांना माझा नमस्कार सांग. पाठीशी उभे आहेत, हे मोठंच. पण माइक आत्ता नको. इंदिरानगरला मुंबई-आग्रा महामार्ग उशाशी आहे. रात्रभर ट्रक चालतात, आणि ट्रकची ती खालची घरघर भिंतीला चिकटवलेल्या स्पंजने किंवा अंड्यांच्या ट्रेने अडत नाही. खोलीतला घुमारा मारणं हे एक काम आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे दुसरंच. पहिलं कपड्यांनी गच्च भरलेल्या कपाटाने, गाद्यांनी, गोधड्यांनी बरंच साधतं. दुसऱ्याला जड भिंती, दुहेरी दारं आणि फटी बुजवणं लागतं, आणि तिथेच लाखाची भाषा सुरू होते. त्यात शेजारची कुकरची शिट्टी, ओझरहून उडणारी लढाऊ विमानं, देवळालीकडून येणारा तोफांचा दबका धमाका. महागडा कंडेन्सर माइक हे सगळं तुझ्या आवाजाइतक्याच प्रेमाने टिपेल.

हवं तर एक चाचणी करा. रात्री पंखा बंद करून फोनवर मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. ध्वनिपुस्तकांसाठी ऑडिबलच्या एसीएक्स मंचाचं जे माप अनेकजण प्रमाण धरतात, त्यात खोलीची शांतता उणे ६० डेसिबलपेक्षा खाली, आवाजाची शिखरं उणे ३ च्या खाली आणि सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ मध्ये असावी लागते. नेहमीच्या फ्लॅटमध्ये पहिल्याच अटीला घोडं अडतं. उद्या नियमित कामं यायला लागली, रात्री उशिरा दोन ओळी बदलून द्यायची वेळ येऊ लागली की घरची सोय करा. तेव्हाही डायनॅमिक माइकने सुरुवात केली तर बरं, तो खोलीकडे कमी लक्ष देतो. तोवर त्याच पैशांत नाशिकमधल्या स्टुडिओचे कितीतरी तास मिळतील आणि प्रत्येक तासाला काचेपलीकडे चुका सांगणारा माणूस फुकट.

कोर्सचं थोडक्यात. काम मिळण्याची हमी या धंद्यात कुणीही देऊ शकत नाही, त्यामुळे जिथे ती देतात तिथे माझा पाय अडखळतो. पैसे भरण्याआधी विचार: माइकसमोर प्रत्येकाला प्रत्यक्ष किती तास, एका तुकडीत किती जण, शिकवणाऱ्याने गेल्या वर्षभरात स्वतः कोणतं काम केलं, आणि मागच्या तुकडीतल्या दोघांशी बोलता येईल का. उत्तरं चांगली आली, तरी हप्त्याने भर. याच्या आधी आकाशवाणीच्या नैमित्तिक निवेदकांच्या स्वरचाचणीवर लक्ष ठेव आणि नाशिकमधल्या रेडिओ विश्वाससारख्या सामुदायिक रेडिओत विचारून ये. दृष्टिहीनांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थांकडे वाचन दे. तिथे पैसे नसतील, पण आख्खी कादंबरी सरळ आवाजात निभावून नेण्याची ताकद तिथे येते. कमावत्या कंपनीने मात्र 'आधी फुकट करून दाखवा' म्हटलं तर दोन वाक्यांचा नमुना दे, पूर्ण फिल्म नाही.

क्षेत्रात यावं का? ये. शाळा सोडून नाही. निदान वर्षभर दोन्ही चालव. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना सुरक्षेच्या आणि प्रशिक्षणाच्या फिल्म मराठीत लागतात, शेतीच्या कंपन्या आहेत, दूरशिक्षणाचे धडे आहेत, २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आल्यापासून मराठी ध्वनिपुस्तकांनाही चांगले दिवस आलेत. ध्वनिपुस्तकांचे पैसे बहुधा तयार झालेल्या रेकॉर्डिंगच्या तासावर मिळतात, त्यामुळे जितके रीटेक तितका आपलाच वेळ जातो; पाया पक्का झाल्यावर तिकडे वळ. प्रत्येक कामाआधी चार गोष्टी मेलवर लिहून घे: रेकॉर्डिंग कुठे वापरणार, किती काळ, तुझ्या चुकीचे रीटेक फुकट पण संहिता बदलली तर वेगळे पैसे, आणि निम्मी रक्कम आधी. टीडीएस कापून पैसे आले तर हिशोब ठेव, विवरणपत्र भरताना लागतो. आणि यापुढे प्रत्येक ठिकाणी एक ओळ घालत जा, की हे रेकॉर्डिंग यंत्राला आवाज शिकवण्यासाठी वापरायचं नाही.

राहिला घसा. तो त्या दिवशी स्टुडिओने बसवला नाही, शाळेने आधीच दमवला होता. दिवसभर चाळीस मुलांपुढे बोलून तू थेट माइकसमोर उभी राहिलीस. शिक्षकांमध्ये आवाजाचे विकार इतर व्यवसायांपेक्षा जास्त आढळतात, आणि तुला तर या गळ्याकडून दोन नोकऱ्या करून घ्यायच्या आहेत. वर्गासाठी कमरेला लावायचा छोटा ध्वनिवर्धक घे, माइकच्या आधी ती खरेदी कर. पाणी दिवसभर पीत राहा. ऐन वेळी प्यायलेला ग्लास स्वरतंतूंना स्पर्शही करत नाही, तो अन्ननलिकेतून जातो. सारखं खाकरू नकोस, एक घोट घेऊन गिळ. घसा बसल्यावर कुजबुजत बोलणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानेही ताण येतो. त्यापेक्षा गप्प राहा. ज्येष्ठमध चघळायला हरकत नाही. सुरुवातीला पाच मिनिटं ओठ मिटून गुणगुण, मग ओठ फुरफुरवत खालून वर आणि वरून खाली सूर फिरव. रीटेकसाठी संध्याकाळची वेळ माग म्हटलं, ती सुटीच्या दिवशीची माग. आणि घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर घरगुती उपाय थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि दुर्बिणीतून स्वरतंतू तपासून घे.